पूल, मेट्रो, रस्ते: शहराकडे पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात एकाच वेळी मेट्रो, उड्डाणपूल, रस्तारुंदीकरण अशी हजारो कोटींची कामं चालू दिसतात. हा पैसा नेमका कोण देतं? आम्ही भरतो त्या मिळकतकरातून जातो का? आणि एवढा पैसा असेल, तर कात्रज-कोंढवा रस्त्यासारखं काम वर्षानुवर्षं का रखडतं?"

महापालिकांच्या रस्ते आणि पुलांच्या प्रकल्पांची आर्थिक बाजू सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मुख्यतः पुण्याबद्दल, गरज पडेल तिथे मुंबईबद्दल.

आधी थेट उत्तर. तुमच्या मिळकतकराचा या मोठ्या कामांत वाटा आहे, पण तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी. शहरातल्या वाहतूक प्रकल्पांचा खरा आधार जमीन आहे. कुणी इमारत बांधली, कुणी वाढीव एफएसआय (जागेच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) घेतला, कुणी फ्लॅट विकत घेतला, की त्यातून पैसा निघतो आणि तो रस्त्यात, पुलात, मेट्रोत जातो. अडतो तोही जमिनीपाशीच, कारण रस्त्याला लागणारी जागा विकत घेताना हाच पैसा अपुरा पडतो. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

सुरुवात महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीपासून करू. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. आकडा ऐकून वाटतं, ११८ कोटींचा सिंहगड रस्त्यावरचा उड्डाणपूल म्हणजे किरकोळ काम. पण अंदाजपत्रकाचे दोन भाग असतात, महसुली (रोजचा चालू खर्च) आणि भांडवली (नवी बांधकामं). पगार, पेन्शन, कचरा, पाण्याचं वीजबिल, दवाखाने, शाळा, पीएमपी या शहर बससेवेची तूट हे सगळं आधी जातं. पीएमपीच्या संचलनातली तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. हा खर्च दरवर्षीचा, न टळणारा. त्यातून उरेल त्यात भांडवली कामं, आणि त्यातही पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रुग्णालयं यांच्या रांगेत रस्ते-पूल उभे. शिवाय अंदाजपत्रकातली जमा ही अपेक्षा असते. वर्षअखेरीला प्रत्यक्ष जमा बहुतेक वेळा तिच्या खालीच राहते आणि मग कात्री भांडवली कामांनाच लागते, कारण पगाराला ती लावता येत नाही.

इथे एक शब्द माहीत करून घ्या, तो वर्तमानपत्रात अधूनमधून येतो पण कुणी समजावून सांगत नाही: "७२ ब". महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं हे कलम. १०० कोटींचा पूल असेल तर पूर्ण १०० कोटी एका वर्षात ठेवत नाहीत. यंदा २० कोटींची तरतूद, उरलेले ८० कोटी पुढच्या दोन-तीन वर्षांच्या अंदाजपत्रकांतून देऊ, अशी मान्यता ७२ ब खाली घेतली जाते आणि निविदा निघते. यात गैर काहीच नाही, मोठं काम असंच करावं लागतं. गडबड होते ती संख्येमुळे. दरवर्षी नवे पूल, नवे रस्ते ७२ ब खाली मंजूर होत गेले की पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक उघडण्याआधीच त्यातला मोठा हिस्सा जुन्या कामांना बांधला गेलेला असतो. मग तरतूद प्रत्येकाला थोडी थोडी मिळते. ठेकेदाराची बिलं थकतात, तो माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो, आणि तुम्हाला सहा महिने नुसते पत्रे आणि खड्डा दिसतो. काम बंद पडण्याचं कारण इंजिनिअरिंगमध्ये क्वचितच असतं. रखडलेल्या बहुतेक कामांमागे भूसंपादन आणि बिलाचा पैसा हीच दोन कारणं असतात.

आता ही तिजोरी भरते कशाने? १५-२० वर्षांपूर्वी उत्तर सोपं होतं: जकात. शहराच्या वेशीवर नाके होते, रोजची रोख जमा होती आणि ती शहराच्या हातात होती. पुण्यात एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही गेली. आता राज्य सरकार कायद्याने ठरलेली नुकसानभरपाई दरमहा देतं, २०१६-१७ हे वर्ष पाया धरून आणि दरवर्षी ८ टक्के वाढ देऊन. पैसा खात्रीचा आहे. पण शहराचा व्यापार दुपटीने वाढला तरी महापालिकेला त्याचा वेगळा लाभ नाही. शहराचं सर्वांत मोठं लवचिक उत्पन्न हातातून गेलं, ही गोष्ट मला आजही फार गंभीर वाटते.

मिळकतकर वाढवायला कुणी धजत नाही. पुण्यात स्वतः राहत्या घराला १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत काढली गेली, लोक चिडले, आणि २०२३ मध्ये ती परत आली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. तिथे रस्ते, पाणी, दिवे सगळं नव्याने करायचं, आणि तिथल्या कराच्या वसुलीला मात्र राज्य सरकारने स्थगिती दिली. रस्ता लगेच हवा आणि कर पुढे कधीतरी, हे गणित कुठल्याच शहराला जुळवता येणार नाही.

राहिलं तिसरं मोठं उत्पन्न: बांधकाम परवानगी. विकसन शुल्क, प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय), अशा नावांखाली बिल्डर महापालिकेत जे भरतो ते. वाहतूक प्रकल्पांचं खरं इंजिन हे आहे. पण हे उत्पन्न बांधकामबाजाराच्या तालावर चालतं. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने वर्षभरासाठी प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली. पुढची दोन-तीन वर्षं ज्या फायली यायच्या त्या एकाच वर्षात आल्या, महापालिकांच्या जमेचा आकडा उंचावला, आणि मुदत संपल्यावर ओघ ओसरला. त्या फुगलेल्या वर्षाच्या जमेवर विसंबून ज्यांनी पुढच्या चार वर्षांची कामं ७२ ब खाली बांधून घेतली, त्यांना नंतर ओढाताण सोसावी लागली. आर्थिक नियोजन करणाऱ्याने तेजीचं वर्ष सरासरीत धरू नये, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो.

याच उत्पन्नाचं आणखी एक रूप आहे, क्रेडिट नोट. पुणे महापालिकेने शहराच्या पूर्व भागातल्या विकास आराखड्यातल्या काही रस्त्यांसाठी आणि पुलांसाठी ही पद्धत आणली. बिल्डर स्वतःच्या पैशाने रस्ता बांधतो, महापालिका त्याला रोख न देता तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट देते, आणि तो ती पुढे परवानगीचं शुल्क भरताना वापरतो. तिजोरीतून आज रुपया जात नाही आणि रस्ता होतो, म्हणून ती सर्वांना आवडते. पण उद्या जमा होणारं शुल्क आजच खर्ची पडलेलं असतं. शिवाय रस्ता कुठे आधी होणार हे शहराच्या गरजेपेक्षा बिल्डरच्या प्रकल्पावर ठरू लागतं. थोड्या प्रमाणात ठीक, सवय लागली तर घातक, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या कात्रज-कोंढवा रस्त्याकडे येऊ. विकास आराखड्यात हा रस्ता ८४ मीटर रुंद. काम २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हा रस्त्यासाठी लागणारी बरीचशी जागा ताब्यातच नव्हती. शेवटी रुंदी ५० मीटरवर आणावी लागली आणि राज्य सरकारकडे भूसंपादनासाठी हात पसरावे लागले. डांबर, काँक्रीट, भुयारी मार्ग या सगळ्यासाठी पैसे होते. जागामालकाला द्यायला नव्हते.

असं का होतं ते एका हिशेबाने सांगतो. समजा, रस्त्यात एका मालकाची १,००० चौरस मीटर जागा जाते आणि तिथला रेडीरेकनर दर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर, चौरस मीटरला २०,००० रुपये आहे. जागेची किंमत झाली २ कोटी. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार शहरी भागात दिलासा रक्कम धरून मोबदला दुप्पट होतो, म्हणजे व्याज वगळून ४ कोटी रोख. महापालिका म्हणते, रोख नको, टीडीआर घ्या. टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. नियमाप्रमाणे दाट वस्तीबाहेर जागेच्या दुप्पट टीडीआर मिळतो, म्हणजे २,००० चौरस मीटर. कागदावर हे चांगलं दिसतं. पण टीडीआर विकत घेणाऱ्या बिल्डरपुढे दुसरा पर्याय आहे: राज्याच्या बांधकामविषयक २०२० च्या एकात्मिक नियमावलीप्रमाणे तो रेडीरेकनरच्या ३५ टक्के भरून थेट प्रीमियम एफएसआय घेऊ शकतो. तोच दर धरला तर चौरस मीटरला ७,००० रुपये. मग तो टीडीआरला याहून फार जास्त का देईल? २,००० गुणिले ७,००० म्हणजे १ कोटी ४० लाख. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणच्या दरांचं गुणोत्तर, रस्त्याची रुंदी, प्रीमियम एफएसआयची मर्यादा असं बरंच काही आड येतं, पण कल हाच राहतो. एका हाताला ४ कोटी रोख, दुसऱ्या हाताला दीड कोटीच्या आसपासचा कागद, तोही विकला गेला तर. तुम्ही मालक असता तर काय घेतलं असतं? जागामालक अडवणूक करतात असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, कारण त्यांचं गणित बरोबर आहे.

आणि यातली खरी अडचण बघा. ज्या प्रीमियम एफएसआयच्या विक्रीतून महापालिका रस्ते बांधण्याचा पैसा मिळवते, तोच प्रीमियम एफएसआय टीडीआरचा भाव पाडतो आणि रस्त्याची जागा महाग करतो. १९९१ च्या नियमावलीत मुंबईने टीडीआर आणला तेव्हा त्याला प्रतिस्पर्धी कमी होते, म्हणून तो चालला. आज एकाच बाजारात महापालिका दोन वस्तू विकते आणि त्या एकमेकींना मारतात. राज्य पातळीवर हे नियम ठरतात, त्यामुळे शहराच्या हातात फारसं काही नसतं.

भूसंपादनासाठी कर्ज मिळणंही अवघड. बँक किंवा परदेशी वित्तसंस्था बांधकामाला आनंदाने पैसे देते, जागेचं ओझं मात्र "तुमचं तुम्ही बघा" म्हणून शहरावर टाकते. चांदणी चौकाचा प्रकल्प राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने बांधला, ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. बांधकामाची चर्चा सर्वांनी ऐकली, पण त्याआधीची कित्येक वर्षं महापालिका जागा मिळवत होती, त्यासाठी राज्याची मदत घेत होती. केंद्राने पूल "दिला" असं आपण म्हणतो तेव्हा जागेचा हा खर्च हिशेबात धरत नाही.

मेट्रोचं गणित वेगळं आहे. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्च ११,४२० कोटी होता. ढोबळ विभागणी अशी: केंद्र २० टक्के, राज्य २० टक्के, दोन्ही महापालिका मिळून १० टक्के, उरलेलं निम्मं कर्ज. महापालिकांचा हिस्सा बराचसा जागेच्या रूपात गेला. वनाझचा डेपो कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर उभा आहे. कर्ज दिलं युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने, ६० कोटी युरो, आणि फ्रान्सच्या विकास संस्थेने, २४.५ कोटी युरो. असं कर्ज केंद्र सरकार घेतं आणि महामेट्रोकडे, म्हणजे पुणे मेट्रो उभारणाऱ्या सरकारी कंपनीकडे, वळवतं. मुदत लांब, व्याज कमी, सुरुवातीची काही वर्षं हप्ता नाही. परतफेड महामेट्रोने करायची, ती कमी पडली तर भार राज्यावर.

तिकिटातून हे कर्ज फिटेल का? जगात फार थोड्या मेट्रो तिकिटावर बांधकामाचं कर्ज फेडतात. रोजचा चालवण्याचा खर्च निघाला तरी चांगलं म्हणायचं. मग परतफेड कशातून? पुन्हा जमिनीतून. १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात खरेदीखतावर १ टक्का मेट्रो अधिभार लागतो. ८० लाखांचा फ्लॅट घेतला तर ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार. त्यातले ४ लाख राज्याचे, ८० हजार स्थानिक संस्थेच्या अधिभाराचे आणि ८० हजार मेट्रोचे. म्हणजे तुम्ही मेट्रोत कधी पाऊल ठेवलं नाही, तरी घर घेतलं त्या दिवशी तिला ८० हजार देऊन बसलात. फक्त हा पैसा आधी राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून शहराकडे सवडीने सुटतो. स्टेशनपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात ४ पर्यंत एफएसआय देऊन त्यावर प्रीमियम घेणं, हा त्याच विचाराचा दुसरा भाग. मेट्रोमुळे ज्याच्या जागेची किंमत वाढली त्याने थोडं परत द्यावं, हे तत्त्व मला न्याय्य वाटतं. तो पैसा त्याच पट्ट्यातल्या पदपथांवर, पाण्यावर, ड्रेनेजवर खर्च व्हायला हवा. नाहीतर चौपट बांधकाम झालेल्या त्या गल्ल्यांत राहणं अवघड होईल.

हिंजवडी-शिवाजीनगर ही २३.३ किलोमीटरची तिसरी मार्गिका मात्र खासगी भागीदारीतली आहे. पीएमआरडीए या पुणे महानगराच्या विकास प्राधिकरणाचा प्रकल्प, टाटा आणि सीमेन्स यांच्या कंपनीकडे ३५ वर्षांसाठी, मूळ खर्च ८,३१३ कोटी. प्रकल्प नफ्यात बसत नाही म्हणून सरकार जी तफावत भरून देतं तिला व्हायाबिलिटी गॅप फंडिंग म्हणतात; त्यात केंद्राचा वाटा २० टक्क्यांपर्यंत असतो. खासगी पैसा आला म्हणजे फुकट आला, असं नाही. कंपनी तो ३५ वर्षांत तिकिटातून आणि सरकारी जमिनींच्या व्यापारी वापरातून वसूल करणार.

टोलचंही तसंच. मुंबईतल्या ५५ उड्डाणपुलांचा खर्च एमएसआरडीसी या राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने शहराच्या पाच प्रवेशद्वारांवरच्या टोलमधून वसूल करायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. वाहनचालक सुखावला, पण करारात ठेकेदाराला मिळणारं उत्पन्न कमी झालं की भरपाई सरकारी तिजोरीला करावी लागते. आधी जे पूल वापरणारा देत होता, ते आता न वापरणाराही देतो.

मुंबईकडे बघून पुण्याने हळहळायचं कारण आहे. एमएमआरडीएकडे (मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाकडे) बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाची जमीन, होती. तिथले भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देऊन तिने प्रदेशातली वाहतुकीची कामं केली. मुंबई महापालिकेने सागरी किनारा रस्ता स्वतःच्या पैशाने बांधला, कारण तिच्याकडे हजारो कोटींच्या मुदतठेवी होत्या. पण जमीन एकदाच विकता येते आणि ठेव एकदाच मोडता येते. अटल सेतूसाठी मात्र तिथेही जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं मोठं कर्ज घ्यावं लागलं.

कर्जरोख्यांबद्दल अनेकजण उत्साहाने विचारतात. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले, समान पाणीपुरवठ्यासाठी. पिंपरी-चिंचवडने जून २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे काढले, ते निगडी प्राधिकरणातल्या हरित सेतूसारख्या पादचारी आणि सायकलस्वारांच्या कामांसाठी. मला हा मार्ग आवडतो, मुख्यतः शिस्तीसाठी. रोखे काढायचे तर पतमानांकन लागतं, हिशेब वेळेवर तपासून घ्यावे लागतात, हप्त्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. पण २०० कोटींत मेट्रोचा जेमतेम अर्धा किलोमीटर होतो. आणि रोखे हे कर्जच आहे, ते फेडायला शहराचं स्वतःचं वाढतं उत्पन्न लागतं.

केंद्राच्या योजना येतात-जातात. शहरांतल्या पायाभूत कामांना अनुदान देणारी जेएनएनयूआरएम २००५ च्या डिसेंबरमध्ये आली, पुण्याच्या आकाराच्या शहराला केंद्र ५० टक्के, राज्य २० टक्के, आपण ३० टक्के. ३० टक्क्यांत रस्ता मिळतोय म्हणून शहरांनी भरपूर प्रकल्प घेतले. पुण्याची बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, तशीच वाढली. बांधायला अनुदान होतं, पुढे ती नीट चालवायला आणि दुरुस्त ठेवायला नव्हतं, आणि आज तिचे मार्ग आपण उखडताना पाहतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातला अर्बन चॅलेंज फंड उलट्या दिशेने जातो: केंद्र २५ टक्क्यांपर्यंत देणार, पण निम्मा पैसा तरी रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभा केला तरच.

तुमच्या भागात नवा पूल जाहीर झाला तर "किती कोटी" हा आकडा बाजूला ठेवा. महापालिकेचं अंदाजपत्रक संकेतस्थळावर असतं. त्यात तीन गोष्टी शोधा: या वर्षी प्रत्यक्ष तरतूद किती, ७२ ब खाली पुढच्या वर्षांवर किती ढकललं, आणि भूसंपादनाच्या लेखाशीर्षात त्या रस्त्यासाठी पैसे आहेत का. नंतर पथ विभागात विचारा, निविदेच्या दिवशी किती टक्के जागा ताब्यात आहे. ८० टक्क्यांच्या खाली उत्तर आलं तर भूमिपूजनाची तारीख काहीही असो, काम रेंगाळणार. माहितीच्या अधिकारातही हा आकडा मिळतो, कारण तो ताबापावत्यांवरून निघतो. नागरिकांच्या सूचनांतून कामं घ्यायची पद्धत पुणे महापालिकेत २००६ पासून आहे. त्यात पूल मागता येत नाही, पदपथ आणि बसथांबा मागता येतो. अर्ज साधारण पावसाळ्यात मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करून ठेवा.